घरात बूट नको म्हणणाऱ्या माझ्या पिढीला



आज जरा रागानं लिहिते आहे, सांभाळून घ्या. गेल्या वर्षभरात बस्तीच्या ओट्यावर, भिशीत, बारशाला, एकच वाक्य मी पाच-सहा जणींच्या तोंडून ऐकलं. "आमच्या घरात बूट चालत नाहीत हं, सून अनवाणीच करते व्यायाम." म्हणणारी सासू साठीची, म्हणजे माझ्याच वयाची. सांगताना चेहऱ्यावर कौतुक. सून किती वळणाची, घर किती शुद्ध. यातल्या एका घरातली सून सकाळी पलंगावरून उतरताना भिंत धरून उतरते, कारण पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं. हेही सासूबाईंनीच सांगितलं, त्याच दमात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. उड्यांचा व्यायाम करणाऱ्या बाईला फरशीवर अनवाणी ठेवणं यात धर्म कुठेही नाही. धर्माचा बुटाशी जिथे खरा संबंध येतो तो प्रश्न वेगळा आहे, की हा बूट कशाचा केला आहे. तो प्रश्न आपल्या घरांत फारसा कुणी विचारत नाही.

आधी हा व्यायाम काय असतो ते समजून घेऊ, कारण आपल्यातल्या अनेकींना तो अजून "सकाळचा दंगा" एवढाच माहीत आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये जिम बंद झाल्या आणि व्यायाम आपल्या हॉलमध्ये आला. सोफा मागे सरकला, मोबाइल टीव्हीला टेकवून उभा राहिला, आणि सुना-मुली अर्धा-पाऊण तास घाम गाळू लागल्या. थोडा वेळ पूर्ण जोर, थोडी विश्रांती, पुन्हा जोर, अशा त्याच्या फेऱ्या असतात. जंपिंग जॅक, हाय नीज, बर्पी, स्केटर ही त्यातली नावं. स्केटर म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर आडवी उडी. स्वयंपाक, डबे, नोकरी, मुलांचा अभ्यास यांतून ज्या बाईला जेमतेम चाळीस मिनिटं मिळतात, तिला हा व्यायाम सोयीचा वाटला तर त्यात नवल काही नाही. मला तर तिचं कौतुकच वाटतं.

एक दिवस खुर्चीत बसून मी माझ्या सुनेचा व्यायाम मोजला. तीस सेकंदांत पंचवीस जंपिंग जॅक. एका जॅकमध्ये पाय दोनदा जमिनीवर येतात, एकदा फाकून आणि एकदा जुळवून. म्हणजे तीस सेकंदांत पन्नास वेळा. अशा सहा फेऱ्या धरल्या तर तीनशे वेळा, आणि हा झाला फक्त एक प्रकार. आता वजनाचा हिशेब बघा. चालताना पायावर आपल्या वजनापेक्षा थोडासाच जास्त भार येतो. पळताना तो वजनाच्या दोन ते तीन पट होतो, आणि उंच उडी मारून उतरताना त्याहूनही वाढू शकतो. साठ किलोच्या बाईचे अडीच पट म्हणजे दीडशे किलो, तांदळाची पन्नास किलोची तीन पोती. ती क्षणभरच येतात हे खरं, पण शेकडो वेळा येतात. आणि खाली काय असतं? काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल. ती दबत नाही, वाकत नाही. मग झेलायचं ते सगळं टाचेनं, घोट्यानं, पोटरीनं आणि गुडघ्यानं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. "आम्ही नाही का पंचमीला अनवाणी फुगड्या घातल्या? रात्र रात्र फेर धरला, झिम्मा खेळलो." खेळलो ना. पण कशावर? शेणानं सारवलेल्या मातीच्या सोप्यात, अंगणात. वर्षातले ते मोजके दिवस. वय पंधरा-सोळा. आज जी उडी मारते तिचं वय पस्तीस-चाळीस, बाळंतपणं झालेली, आठ तास खुर्चीत बसलेली, आणि आठवड्यातून चार दिवस टाइलवर. वय वाढतं तशी टाचेखालची चरबीची गादी पातळ होते. पाळी गेल्यावर हाडंही झपाट्यानं विरळ होऊ लागतात. सोळाव्या वर्षीच्या फुगडीचा दाखला तिला देणं म्हणजे आपल्या लग्नातल्या भावानं आजचं सोनं मागण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार वाटतो, म्हणून त्याला नीट उत्तर देते. "आपले मुनी महाराज, आर्यिका माताजी अनवाणी विहार करतात, आणि हिला घरातल्या घरात बूट लागतात?" मैत्रिणींनो, त्यांच्या अनवाणी पायांकडे आपण पाहतो, पण ते पाय कसे पडतात हे बघत नाही. ईर्यासमिती काय सांगते? दिवसाच्या उजेडात, पुढची चार हात जमीन निरखत, सावकाश पाऊल टाकायचं. त्यात धावणं नाही, उडी नाही, गाण्याच्या ठेक्यावर आपटणं तर नाहीच. त्या अनवाणीपणामागे महाव्रत आहे, पिंछी आहे, प्रत्येक पावलाची जाग आहे. आपली सून श्राविका आहे, घर सांभाळते, नोकरी करते. तिच्यासाठी साधूंच्या आचारातली एकच गोष्ट उचलायची आणि तीही नेमकी तिला टोकायला, हा कुठला स्वाध्याय? आणि महाराजांचा दाखलाच द्यायचा तर तो आधी स्वतःला द्यावा. आपल्यापैकी किती जणी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घरात मऊ रबरी चपला घालून फिरतो? स्वयंपाकघरातसुद्धा? त्या चपला आपल्याला चालतात, कारण गुडघे आपले असतात.

तिसरा आक्षेप देव्हाऱ्याचा आणि शुद्धीचा. यात तथ्य आहे आणि ते मी मान्य करते. बाहेरची पादत्राणं घरात नकोत, याला ठोस कारण आहे. रस्त्यावरची घाण, थुंकी, शेण, मेलेले किडे, सगळं सोलला चिकटून येतं. ते हॉलमध्ये नको आणि चुलीजवळ तर नकोच. पण जो बूट खोक्यातून निघाला तो थेट हॉलमध्येच, आणि ज्यानं उंबऱ्याबाहेरची जमीन पाहिलेलीच नाही, त्याला कुठली घाण लागली? तो फरशीइतकाच स्वच्छ आहे. त्याला वेगळी कापडी पिशवी द्या, हॉलच्या कोपऱ्यात जागा द्या, देव्हारा आणि स्वयंपाकघर यांपासून लांब ठेवा. व्यायामाच्या जागेवर घालायचा, तिथेच काढायचा. एवढी शिस्त पाळली की शुद्धीचा प्रश्न उरत नाही. उरतो तो फक्त "बूट" या शब्दाचा विटाळ.

आता मी जिथे खरी चिडते तिथे येते. आपल्या अनेक बस्त्यांच्या दारात पाटी असते, चामड्याच्या वस्तू आत आणू नयेत. आपली मंडळी काय करतात? पट्टा काढतात, पाकीट बाहेर ठेवतात, पर्स गाडीत ठेवतात, दर्शन घेतात, आणि बाहेर येऊन तेच सगळं पुन्हा अंगावर चढवतात. चामड्याचं पाप बस्तीच्या उंबऱ्यापुरतं! कोल्हापुरी चप्पल आपल्या भागाची शान. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती करणाऱ्यांच्या हाताला माझा नमस्कार. पण ती कातड्याची असते हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. ती पायात घालून घरचे कर्ते पुरुष करकर वाजवत येतात, दारात काढतात आणि आत येऊन सुनेच्या कापडी-रबरी बुटाकडे बोट दाखवतात. लग्नात आपण रेशमी शालू नेसतो. त्या एका शालूसाठी हजारो कोश उकळत्या पाण्यात पडलेले असतात. आणि जिच्या बुटात एकाही जिवाचं कातडं नाही, तिला आपण विचारतो, "अगं, घरात बूट?"

ज्यांनी चामडं आणि रेशीम खरोखर सोडलं आहे अशा बायका आपल्यात आहेत, त्यांना हे लागू नाही. बाकीच्यांनी, माझ्यासकट सगळ्यांनी, आपलं कपाट आधी उघडून बघावं.

आणि बूट विकणारी मंडळीही काही कमी नाहीत. दुकानात शिरून "व्यायामाला बूट दाखवा" म्हटलं की समोर येतो तो जाड, मऊ, फुगलेल्या टाचेचा पळायचा बूट. दिसायला छान, हाताला हलका, किंमत भरपूर. पण तो बूट सरळ पुढे पळणाऱ्यासाठी बनवलेला असतो. त्याची टाच पुढच्या भागापेक्षा बरीच उंच असते, अनेक बुटांत आठ ते बारा मिलिमीटर, आणि खालचा फोम मऊ. हॉलमधल्या व्यायामात मात्र निम्म्या हालचाली आडव्या असतात. आडवी उडी मारून त्या उंच मऊ गादीवर उतरलं की पाय गादीवरून बाहेर कलंडतो आणि घोटा मुरगळतो. पावसाळ्यात मऊ चिखलात पाय टाकल्यावर कसा तोल जातो, तसंच. म्हणजे अनवाणी नको म्हणून सुनेला भारीतला रनिंग शू आणून दिला, तरी काम झालं असं समजू नका.

मग घ्यायचा कोणता? त्याला दुकानात "ट्रेनिंग शू" किंवा "क्रॉस ट्रेनिंग" म्हणतात. तळ सपाट आणि रुंद, टाच फार उंच नाही, फोम बऱ्यापैकी घट्ट, आणि बाजूंना पाय धरून ठेवणारा आधार. ते मिळालं नाही तर बॅडमिंटनचे बूट बघा. तो खेळच आडव्या धावपळीचा आणि आतल्या कोर्टवरचा. त्याचा रबरी तळ फरशी घट्ट धरतो आणि बहुतेक वेळा काळे डागही उठवत नाही.

दुकानात माझ्या पद्धतीनं तपासा, दुकानदार हसला तरी हसू दे. बूट दोन्ही हातांत धरून ओलं फडकं पिळतो तसा पिळून बघा. मधोमध सहज पिळला गेला तर ठेवून द्या. मग टाच आणि टोक धरून वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, जिथे आपली बोटं वाकतात तिथे. मध्येच घडी पडत असेल तर तो बूट तळव्याला आधार देणार नाही. टाचेचा मागचा भाग अंगठ्यानं दाबा, तो कडक हवा.

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि व्यायामातही सुजतात. जे मोजे घालणार तेच घालून जा. दोन्ही पायांत घाला, कारण आपले दोन पाय क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायाचं माप घ्या. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. अनेकींचा अंगठाच सगळ्यात लांब नसतो, शेजारचं बोट लांब असतं, तेव्हा बघून मोजा. चवडा दोन्ही बाजूंनी दाबला जात असेल तर "वापरून सैल होईल" या आश्वासनावर विसंबू नका. सिंथेटिक बूट चामड्यासारखा सैलावत नाही. आपल्यापैकी अनेकींचा चवडा रुंद आणि टाच अरुंद असते, शिवाय अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं असतं. बायकांच्या मापात बसलं नाही तर पुरुषांच्या विभागातला बूट घ्यावा, त्यात काही कमीपणा नाही. गुलाबी रंग पायाला आधार देत नाही.

मग दुकानातच चार आडव्या पावलं टाका, दोनदा उठाबशा काढा, दोन छोट्या उड्या मारा. टाच आत वर-खाली सरकली किंवा पाय बाजूला घसरला तर तो बूट आपला नव्हे. लाज वाटत असेल तर सुनेबरोबर आपण जावं आणि दाराशी उभं राहून दुकानदाराशी गप्पा माराव्यात. सासूचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

आता आपला प्रश्न, चामड्याचा. खेळाचे बूट सगळे "कापडी" असतात ही समजूत खरी नाही. जाळीदार कापडाच्या बुटाला टोकाशी, टाचेशी किंवा बाजूच्या पट्ट्यांना चामडं लावलेलं सापडतं. दुकानदार म्हणतो, "लेदर नाही मॅडम, स्वेड आहे." स्वेड म्हणजे कातड्याची आतली, मखमली केलेली बाजू. नुबक म्हणजे वरची बाजू घासून मऊ केलेली. दोन्ही चामडीच. नापा, फुल ग्रेन, स्प्लिट लेदर, कोटेड लेदर ही सगळी त्याच घरातली भावंडं. "सिंथेटिक स्वेड" किंवा "मायक्रोफायबर" लिहिलं असेल तर ते बनावट, ते चालेल. पीयू, मेश, कॅनव्हास, पॉलिएस्टर चालेल. मेंढीच्या लोकरीचेही बूट निघाले आहेत, तेव्हा "नैसर्गिक" या शब्दावर भाळू नका.

अनेक परदेशी कंपन्यांच्या बुटांवर, जिभेच्या आत किंवा खोक्यावर, लहान चित्रं असतात. युरोपात १९९४ सालच्या नियमानं ती आली. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं. त्याच आकारात छोटा चौकोन असेल तर थर चढवलेलं चामडं. जाळीसारख्या विणीचं चित्र म्हणजे कापड. नुसता टोकावर उभा चौकोन म्हणजे इतर साहित्य, बहुधा सिंथेटिक. वरचा भाग, अस्तर आणि तळ अशी तिन्हींसाठी वेगळी चित्रं असतात. पण यात एक मेख आहे. एखाद्या भागाचा किमान ८० टक्के भाग ज्या साहित्याचा, त्याचंच चित्र छापलं तरी चालतं. म्हणजे उरलेल्या भागात चामड्याची छोटी पट्टी असू शकते आणि चित्र मात्र कापडाचं. म्हणून चित्र बघून थांबू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर साहित्याची यादी वाचा, ग्राहक सेवेला लिहून विचारा, आणि चिकटवण्याच्या गोंदाबद्दलही विचारा, कारण काही गोंद प्राण्यांच्या अवशेषांपासून केले जातात. "व्हीगन" असं स्पष्ट लिहिलेले बूट आता बऱ्याच कंपन्या काढतात, पेटा संस्थेच्या मान्यतेचं चिन्हही काहींवर असतं. बटाटा-कांदा टाळण्यासाठी आपण फरसाणाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचतो. तोच चष्मा इथे लावायचा आहे.

तळाबद्दल आपल्या दृष्टीनं आणखी एक सांगते. खोल खाचांचे, डोंगर चढायचे तळ घरात नकोत. त्या खाचांत मुंगी अडकते आणि दिसतही नाही. घरच्या व्यायामाला लागतो तो बारीक नक्षीचा सपाट तळ, आणि तोच अहिंसेलाही सोयीचा. व्यायामाआधी जागा मऊ केरसुणीनं झाडून घ्या. पावसाळ्यात मुंग्यांची रांग असेल तर जागा बदला किंवा त्या दिवशी नुसती आसनं करा. अंधारात दिवा न लावता उड्या मारू नका. बूट घालण्यापूर्वी उलटा करून हळूच झटका, आत कुणी बसलं असेल तर जाऊ द्या. ओला झाला तर सुती कापडानं टिपून सावलीत वाळवा. कोंदट कपाटात ठेवला की बुरशी धरते. ती धरू देणं आणि मग पुसून टाकणं, दोन्ही आपल्याला टाळायचं आहे. खालच्या मजल्यावर कुणी आजारी असेल तर पहाटे साडेपाचला उड्या नकोत. त्यांच्या झोपेची हिंसा हीही हिंसाच.

काही गोष्टी बुटानंही सुटत नाहीत. मऊ, सरकणाऱ्या योगा मॅटवर बूट घालून उड्या मारल्या तर मॅट गोळा होते आणि पाय अडकतो. बूट असेल तर फरशी बरी किंवा जाड, घट्ट रबराची मॅट. आणि नुसते मोजे घालून टाइलवर उड्या मारणं हे तर अनवाणीहूनही वाईट. "बूट नको तर निदान मोजे घाल" हा आपला मध्यममार्ग थेट हाड मोडण्याकडे जातो. योगासनं, प्राणायाम, जमिनीवर बसून करायचे प्रकार अनवाणीच करावेत, पाय मोकळा राहिलेला चांगला. पण मधुमेहानं ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी घरातसुद्धा अनवाणी राहू नये, त्यांना जखम झालेली कळत नाही.

आणि माझ्या वयाच्या मैत्रिणींनो, सुनेचं बघून आपण लगेच उड्या मारायला जाऊ नका. जोराचा व्यायाम म्हणजे उडीच, असं मुळीच नाही. जपानचे इझुमी तबाता यांच्या नावानं आज जो प्रकार चालतो, वीस सेकंद जोर, दहा सेकंद विश्रांती, अशा आठ फेऱ्या, तो त्यांच्या १९९६ च्या संशोधनातून प्रसिद्ध झाला, आणि ते संशोधन एका जागी बसवलेल्या सायकलवर केलं होतं. त्यात उडी एकही नव्हती. डॉक्टरांना विचारून आपण भरभर पाय उचलले, खुर्चीवरून उठाबशा काढल्या तरी घाम येतो. बूट मात्र तेव्हाही हवा.

शेवटी पैशाचं. "चार भिंतींत घालायला तीन हजारांचा बूट?" हे वाक्य मी त्या घरात ऐकलं, जिथे मुलाच्या क्रिकेटच्या बुटांना कुणी हू की चू केलं नव्हतं. बी. कॉम.ला शिकलेला घसारा इथे कामी येतो. तीन हजारांचा बूट, आठवड्यातून चार दिवस, वर्षाचे पन्नास आठवडे, म्हणजे दोनशे वेळा. एका वेळचे पंधरा रुपये. वर्षानं तो भंगारात काढला तरी हा हिशेब. टाच दुखायला लागल्यावर तपासणी, फोटो, औषधं, फिजिओथेरपी यांचा खर्च आपापल्या पासबुकात बघावा. त्यात बाईची रजा आणि ओट्यापाशी एका पायावर उभं राहून काढलेले महिने धरलेले नाहीत, कारण आपल्या घरांत त्यांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

अपरिग्रह इथेही आहेच. चालायचा एक, पळायचा एक, नाचायचा एक, साडीवर शोभणारा एक, असे ढीग नकोत. हा सिंथेटिक फोम मातीत कुजत नाही, तेव्हा जितके कमी तितके बरे. घरातल्या व्यायामाला एक जोड, तो झिजेपर्यंत. झिजला हे कसं ओळखायचं? टेबलावर ठेवून मागून बघा. एका बाजूला कलला असेल, फोमवर आडव्या सुरकुत्या पडल्या असतील, तळ गुळगुळीत झाला असेल, तर त्याचं काम संपलं. नवा घ्यायचा आणि जुना काढायचा. आकर्षक सवलतीत दुसरा जोड फुकट मिळाला तरी नको म्हणायचं.

म्हणून उद्या सूनबाई खोकं घेऊन घरात आली तर दारात अडवू नका. बूट हातात घ्या, उलटा करून तळ बघा, जिभेच्या आतली चित्रं बघा, आणि एकच प्रश्न विचारा, "यात चामडं नाही ना गं?" नाही म्हणाली तर हॉलच्या कोपऱ्यातला एक कप्पा रिकामा करून द्या. आणि ती तोच प्रश्न तुमच्या पर्सबद्दल विचारेल, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

जय जिनेंद्र.